साचा माळ्यावर होता

कोल्हापूर आलं हे मला नेहमी कानांनी कळतं. कोयना एक्स्प्रेस रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर चढली की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो आणि डब्यात पेंगणारी माणसंसुद्धा खिडकीकडे सरकतात. त्या जुलैत बाहेर मिट्ट काळोख होता, पाऊस तिरपा लागत होता, पाणी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी सगळे वाकून बघत होते. समोरच्या बाकावरच्या काकांनी मोबाइल काढला आणि कुणी न विचारताच जाहीर केलं, "राजाराम बंधारा, ३४ फूट." पलीकडच्या बाईंनी मान हलवली. "अजून पाच हायत म्हणा की."

३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हे दोन आकडे कोल्हापूरकराला घरातल्यांच्या वाढदिवसांसारखे पाठ असतात. पावसाळ्यात इथे 'कसं काय' विचारण्याऐवजी 'किती झालं' असं विचारतात, आणि कशाचं ते सांगावं लागत नाही.

मी तीन वर्षांनी या गाडीत बसले होते. त्याआधी वर्षातून दोनदा यायचे, एकदा नाताळात आणि एकदा मे महिन्यात. आत्याचं घर शाहूपुरीत. लहानपणी दादा आणि मी पुण्याहून यायचो तेव्हा स्टेशनच्या बाहेर पडल्यावर घरापर्यंत शर्यत लावायचो. दादा २०२१ च्या मे महिन्यात गेला. त्या महिन्यात ज्यांची माणसं गेली त्यांना पुढचं सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. अंगभर पांढरे पोशाख घातलेले चौघं, फाटकाबाहेर उभे राहून प्रार्थना करणारे पाळक, आणि मोबाइलच्या पडद्यावर ते बघणारी मी. मूठमाती देतानाच नेटवर्क गेलं. पडद्यावर दादाच्या कबरीचं अर्धं चित्र गोठलं आणि मधोमध ते गोल गोल चक्र फिरत राहिलं.

'विश्वास उडाला' असं आपण म्हणतो. माझा काही उडाला नाही, विश्वास म्हणजे पाखरू नव्हे. भिंतीला ओल धरते तसं झालं. आधी रंग फुगला, मग पोपडे सुटले, आणि एक दिवस लक्षात आलं की आपण त्या भिंतीकडे बघायचंच सोडलंय. उपासना तेव्हा ऑनलाइनच होत्या; एक रविवार चुकला, मग दुसरा. देवळं उघडली तेव्हा माझ्याकडे न जाण्याचं कारण उरलं नव्हतं, पण तोवर कारणाची गरजही उरली नव्हती.

दादाला दोन महिने होतायत तोच कोल्हापूर बुडालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली होती तेव्हा 'असा पूर पुन्हा बघायचा नाही' असं सगळे म्हणाले होते. २०२१ च्या जुलैत ती ५६ फूट ३ इंचांवर गेली. पुणे-बेंगलोर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली होता, त्यामुळे मला येता आलं नाही. ही सबब चार दिवस खरी होती. उरलेली तीन वर्षं तीच मी वापरली.

शाहूपुरी हे कोल्हापूरचं जुनं गाव नव्हे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पेठा आठवतात. ते सगळं पलीकडे. शाहूपुरी ही रेल्वेच्या मागोमाग आलेली वस्ती. मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली १८९१ मध्ये, आणि चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनालगत गुळाची बाजारपेठ वसवली. आखून वसवलेली म्हणून बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. तरी भर पावसाळ्यात, हंगाम नसताना, एखाद्या जुन्या वखारीच्या लाकडी दारापाशी मला गुळाचा वास येतोच. कदाचित तो माझ्या नाकातच असेल.

महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही होतं, हे आत्या पाहुण्यांना हटकून सांगते. आमच्या समाजाचा या गावाशी संबंध काय, असं कुणी विचारायच्या आतच उत्तर तयार असावं म्हणून.

आत्या ८१ वर्षांची आहे. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, चाळीस वर्षं नोकरी केली आणि अजून घरात चालताना वॉर्डात राउंडला निघाल्यासारखी चालते. अस्सल कोल्हापुरी बाई. म्हणजे 'मी आलो, मी जेवलो' असं बोलणारी. पुण्यात माझ्या मैत्रिणींना हे ऐकून हसू येतं. मला मात्र ती 'मी करते' म्हणाली तर आजारी आहे की काय असं वाटेल.

"आलीस व्हय? पाय पूस आधी. मी पाणी ठेवलोय तापत."

तीन वर्षं का आली नाहीस, हे तिनं विचारलं नाही. त्या रात्री नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर दोन आडव्या रेघा आहेत, तेलरंगानं ओढलेल्या. खालची १९ ची, वरची २१ ची. वरची माझ्या गळ्यापाशी येते. घराला नवा रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला सक्त ताकीद होती, रेघा पुसायच्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघतेय हे पाहून आत्या म्हणाली, "पाण्याचं काय नसतंय गं. पाणी येतंय तसं जातंय. गाळ वाईट. गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबरच ढकलत न्यायचा, झाडू घेऊन गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. 'नंतर बघू' म्हणालीस की वाळला. मग पहारीनं फोडावा लागतोय."

पुराबद्दलच बोलत होती. निदान मी तसं धरून चालले.

रात्री झोप लागेना म्हणून तिच्या कपाटातली पुस्तकं चाळत बसले. आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. मंडळीसमोर उभं राहायचं आणि देवानं आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं. दादा गेल्यावर साक्षी ऐकणं मला सगळ्यांत जड जायला लागलं होतं. प्रत्येक साक्षीचा शेवट ठरलेला: आजार आला, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल. ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले नाहीत ते साक्ष द्यायला उभेच राहात नाहीत, त्यामुळे हिशेब कायम देवाच्या बाजूनं जमेत.

पंडिता रमाबाईंची साक्ष मात्र वेगळी आहे, ती मला तेव्हाही सोसत होती. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे एखाद्याची साक्ष संपली असती. पण १९०७ मध्ये मागे वळून लिहिताना त्या कबूल करतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे; तो सापडायला पुढे आठेक वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली, पुस्तक लिहिलं, मुंबईत शारदा सदन काढलं. आत काही नक्की नसताना हात चालू होते. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसलेल्या त्या बाईला आपली आठ वर्षं झाकून ठेवता आली असती. तिनं ठेवली नाहीत.

सकाळी आत्यानं हातात डबा दिला. "कुंभार गल्लीत देऊन ये. २१ ला ती माणसं आपल्या वरच्या मजल्यावर होती सहा दिवस. तेव्हापासनं जाणंयेणं आहे."

शाहूपुरीची कुंभार गल्ली जयंती नाल्याच्या अंगाला आहे. पंचगंगा फुगली की नाल्याला वाट मिळत नाही, तो उलटा फिरतो, आणि शाहूपुरीत पहिलं पाणी शिरतं ते इथे आणि व्हीनस कॉर्नरला. नदी दूर आहे म्हणून निर्धास्त राहावं आणि पाणी गटारातून वर यावं, असा प्रकार. जुलैत ही गल्ली चालायला उरत नाही. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कागद ताणलेले मांडव, त्यांत ओळीनं गणपती. काहींना हात नाहीत, काहींना सोंड नाही, एका फळीवर नुसते उंदीर. ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास, आणि कुठल्या तरी मांडवात मोठ्यानं लावलेला रेडिओ.

कुंभारमामा सोंडेवरून ओला ब्रश फिरवत होते. डबा घेतला, मला पाट दिला, चहा सांगितला. मी पुराचं विचारलं. २०१९ चा पूर ऑगस्टमध्ये आला आणि चतुर्थी होती २ सप्टेंबरला. म्हणजे माल जवळपास तयार होता. आठवडाभर पाणी. कच्च्या मातीच्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. प्लास्टरच्या फुगल्या, तडकल्या. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

मला संडे स्कूल आठवलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. देव त्याला म्हणतो, कुंभाराच्या घरी जा. तो जातो, बघतो, तर चाकावरचं भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं भांडं घडवतो. आमच्या बाईंनी फळ्यावर चाक काढून दाखवलं होतं. बिघडलेल्या आयुष्याचं देव नवं करतो, वगैरे. आणि मी आता खरोखर कुंभाराच्या घरी बसले होते, चहा येत होता, सगळं जुळून आलं होतं. लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी मोह आवरत नाही.

"मग ती विरघळलेली माती परत मळली असेल ना?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "कुठली मळताय ताई! नाल्याचं पाणी त्ये. गटार, तेल, काय काय. ढकलून दिली सगळी. हाताला फोड आलं आमच्या पोरांच्या."

"मग?"

"मग काय. माती नवी आणली. गुजरातची माती ती, पैसं टाकलं की येती. उधारीवर आणली. साचं माळ्यावर हुतं न्हवं?" त्यांनी वर बोट दाखवलं. पत्र्याखाली, फळ्यांवर, पिवळट रबरी साचे उलथे रचून ठेवले होते, टोपल्यांसारखे. "साचा ऱ्हायला की मूर्ती परत हुतीया. साचा गेला असता तर आमी उठलो नसतो."

चहा पिऊन मी निघाले. यिर्मयाचा दाखला काही जमला नव्हता. पण गल्लीच्या टोकापर्यंत एक शब्द मला सोडेना.

साचेबद्ध. मी चर्चवर रागवायचे तेव्हा हाच शब्द वापरायचे. साचेबद्ध प्रार्थना, साचेबद्ध साक्षी. पाळकांनी तोंड उघडलं की पुढची चार वाक्यं मी मनात म्हणून दाखवायचे. फोनवर बघितलेल्या दादाच्या त्या दफनविधीतही प्रत्येक शब्द आधी कुठल्या तरी दफनात ऐकलेला होता. माझ्या भावासाठी म्हणून एकही नवा शब्द कुणाला सुचू नये? घरी आल्यावर मी आत्याला विचारलं, "उद्या देवळात किती वाजता निघायचं?" तिनं घड्याळाकडे बघून वेळ सांगितली, जणू मी दर रविवारी विचारते.

वायल्डर मेमोरियल चर्च न्यू शाहूपुरीत आहे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आत्या छत्री काठीसारखी टेकत चालत होती. ज्याच्या नावाचं हे चर्च त्या रॉयल गूल्ड वायल्डरबद्दल आमच्या मंडळीत 'संस्थापक' यापलीकडे फारसं बोललं जात नाही. खरं तर बोलण्यासारखं बरंच आहे. हा माणूस १८५२ च्या डिसेंबरात पत्नी एलायझासह कोल्हापुरात आला. त्याला पाठवलं होतं बोस्टनच्या अमेरिकन बोर्डानं. याला शाळा काढायच्या होत्या. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन यांचं म्हणणं, शाळा आवरा, देशी भाषेत उपदेशावर भर द्या. खटके उडाले. १८५७ मध्ये प्रकृती बिघडली म्हणून वायल्डर अमेरिकेला गेला तेव्हा बोर्डानं त्याला परत कोल्हापूरला पाठवायला नकार दिला.

म्हणजे ज्यांच्या भरवशावर आला त्यांनीच हात काढून घेतला. १८६१ मध्ये तो आपला आपण परतला. पाठीशी संस्था नाही, पगार नाही. ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा करून त्यानं जवळजवळ दहा वर्षं काम ओढलं. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं ते आपल्याकडे घेतलं. त्या ओढग्रस्तीच्या काळातच, १८६३ मध्ये, त्यांना कोल्हापुरात रॉबर्ट झाला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनला १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याचा संकल्प सोडला आणि त्यातून जी विद्यार्थी चळवळ जगभर पसरली, तिच्यामागे हाच रॉबर्ट होता. दुसऱ्याच वर्षी वडील वारले, आणि एलायझाबाई व त्यांची मुलगी ग्रेस अमेरिकेतून पुन्हा कोल्हापूरला कामासाठी आल्या.

मी काही वायल्डरभक्त नाही. त्या काळच्या मिशनऱ्यांचा तोरा, आपल्या लोकांबद्दलचं त्यांचं वरून बघणं मला सोसत नाही. पण १८५७ ते १८६१ या चार वर्षांबद्दल मला कुतूहल आहे. परत यायचंय आणि कुणी पाठवत नाही, अशी ती वर्षं. त्या वर्षांची साक्ष त्यानं मंडळीसमोर कशी दिली असती? दगडावर नाव कोरताना ती वर्षं कोरत नाहीत.

देवळात शिरताना दाराशी दोघीतिघींनी "सलाम" केला. एकीनं माझा हात धरून ठेवला, काही बोलली नाही, मग सोडला. आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. त्या बाकाच्या एका टोकाला दादा बसायचा, कारण तिथे पंख्याचा वारा लागतो. तिथे आता शाळकरी वयाचा एक मुलगा पाय हलवत बसला होता.

उपदेश मला आठवत नाही. साधारणच होता, आणि मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. गायनाला पेटी आणि तबला. नगर-राहुरीकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंडळींना अभंगांच्या वळणावर गायला लावलं, त्याचा फायदा आम्हाला सगळ्यांनाच होतो. परक्या चालीवर रडायला येत नाही. पण त्या दिवशी भजनानंही काही झालं नाही. कोरडी बसले होते.

मग प्रभूची प्रार्थना आली. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. मी म्हणणार नव्हते, तसं ठरवूनच आले होते. तीन वर्षांत म्हटली नव्हती. पाळकांनी पहिला शब्द उच्चारला आणि माझ्या तोंडातून दुसरा बाहेर पडला. मग तिसरा. मी थांबवायला गेले तर थांबेना. त्यात माझं काही नव्हतं. श्रद्धा नव्हती, राग नव्हता, अर्थाकडे लक्षही नव्हतं. लहानपणी आत्यानं आम्हा दोघांना तिच्या घरात, याच गावात पाठ करून घेतलेले शब्द, ज्या क्रमानं घातले होते त्याच क्रमानं बाहेर येत होते. दादा मधल्या एका ओळीवर नेहमी अडखळायचा. त्या ओळीपाशी आल्यावर मी त्याच्यासाठी थांबले. मंडळी पुढे गेली, मी मागे राहिले, मग धावत जाऊन त्यांना गाठलं.

त्यानंतर मूक प्रार्थनेची काही मिनिटं होती. बाहेर पाऊस वाढला होता, पत्र्यावर ऐकू येत होता. तीन वर्षांत मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागून मिळत नाही हे कळल्यावर मागायचं कशाला, असा रोखठोक व्यवहार. पण मला कुंभार गल्ली दिसत होती. फळीवरचे उंदीर, बिनसोंडेचे गणपती, उधारीवर आणलेली गुजरातची माती. मी म्हटलं, पाच फूट राहू दे. एवढंच. दादाचं विचारलं नाही, का नेलास विचारलं नाही. ते भांडण आहेच, ते अजून मिटलेलं नाही, आणि स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं हे मला ठाऊक आहे. तेही बायबलातच आहे. त्या दिवशी मागायला पाच फूट होते, ते मागितले. ख्रिस्ती बाईनं देवळात बसून गणपतींसाठी प्रार्थना केली, हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "मी तर जून लागला की रोज करतो."

घरी येऊन जेवलो. रविवार म्हणून तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से. मग तिनं मला स्टुलावर चढवलं आणि माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आजोबांचं बायबल. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेले असतात ते. १९ च्या पुरात ते खालच्या कपाटात होतं. आत्यानं ते पंख्याखाली पानापानानं वाळवलं होतं. पानं फुगलेली, कडा तपकिरी. आजोबांनी शाईनं लिहिलेलं सगळं फुटून निळा डाग झाला होता. माझ्या वडिलांचा जन्म त्या डागात कुठे तरी होता. पेन्सिलीनं लिहिलेली नावं तेवढी शाबूत.

शेवटची नोंद माझ्या आईची. त्याखाली काही नव्हतं.

"मी लिहिलो नाही," आत्या म्हणाली. "तू येशील म्हणून ठेवलो."

मी पर्समधून शाईचं पेन काढलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, टोपण लावलं आणि कॅलेंडरला अडकवलेलं बॉलपेन काढून दिलं. "हे घे. हे पाण्यात जात नाही."

मी दादाचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. दुसरी तारीख लिहायला वेळ लागला. आत्या शेजारी बसून गुळाचा खडा कागदात बांधत होती, मला पुण्याला न्यायला. तिनं चष्म्यावरून पानाकडे बघितलं.

"अक्षर जरा बारीक काढ," ती म्हणाली. "खाली मला जागा लागणार."